यारोचा वाफा

पाचगणीच्या मळ्यात ऊन कललं, तशा ओवीच्या यंत्रमाश्या स्ट्रॉबेरीच्या फुलांवरून एकेक करत डब्यात परतल्या. एक मात्र यारो नावाच्या झुडपाच्या पांढऱ्या फुलांवर रेंगाळत होती.

यारोचा वाफा हा तिच्या सासऱ्यांचा हट्ट. "खऱ्या माश्या परत आल्या, तर त्यांना बसायला जागा नको?" असं म्हणत नाना चार वर्षं त्याला पाणी घालत होते. वीस वर्षांत एकही मधमाशी न पाहिलेलं गाव त्यांना हसायचं.

"हिचं चार्जिंग संपलं वाटतं," म्हणत ओवीनं ती चिमटीत उचलली आणि झटकन हात मागे घेतला. बोटाची नुसती आग झाली.

"नाना, यंत्रमाशी चावते का हो?"

नानांनी तिचं बोट उजेडात धरलं. त्यात बारीकशी नांगी रुतली होती. गुडघेदुखी विसरून ते खोपीत गेले आणि विळा घेऊन आले.

"माशी चावली की लोखंड घासतात, पोरी." त्यांनी वाफ्याकडे पाहिलं. "आणि ही एकटी नसते. जवळपास पोळं असणार."

वाफ्यात आणखी दोघी-तिघी गुणगुणत होत्या. ओवीनं सुजलेलं बोट मुठीत लपवलं.

"राहू द्या, नाना. दुखू दे थोडा वेळ."