आखूड दोर

बहिणीने रुमालाची गाठ सोडली आणि पत्र्याची छोटी क्रेन टेबलावर ठेवली. वीतभर लांबीची, खेळण्यातल्या रुळांवर चालणारी. तिचा पुढचा लांब हात, बूम, मान टाकल्यासारखा खाली पडला होता. तो उचलून धरणारा दोरा तुटला होता.

“ह्यांच्या वस्तू आवरत होते,” ती म्हणाली. “जमेल का रे दादा?”

“बघू.”

भावाने दिवा जवळ ओढला. बावीस वर्षं तो रेल्वेच्या यार्डात खऱ्या क्रेनचे दोर चढवत आला होता. घसरलेले डबे उचलणारी ती क्रेन त्याचा मेव्हणा चालवायचा. तिचीच ही नक्कल मेव्हण्याने घरी बसून, पत्र्याचे तुकडे कापून कापून बनवली होती.

चार महिन्यांपूर्वी, भर दुपारी, खऱ्या क्रेनचा दोर, तो गुंडाळायच्या ड्रमवरून सुटला. बूम कोसळला. खाली उभ्या असलेल्या हमालाचा पाय गेला. मेव्हणा केबिनमध्ये चेंगरला आणि दोन दिवसांनी दवाखान्यात वारला. शुद्धीवर असताना त्याने चौकशीला आलेल्या साहेबांना जबाब दिला होता: मिस्त्री जेवायला गेला होता, आखूड दोर मीच चढवला. खाली वाकडीतिकडी सही होती. चौकशीच्या अहवालातही मग तेच आलं.

मिस्त्री म्हणजे हा भाऊ. तेव्हापासून तो कामावर जात होता, येत होता. कुणी विचारलं तर उत्तर देत होता. भाजीत मीठ नसलं तरी त्याला कळत नाही, असं त्याची बायको म्हणायची.

त्याने चिमट्याने जुना दोरा उपसून काढला. दोरा गुंडाळायचा ड्रम शिवणयंत्राच्या बॉबिनचा होता.

“ती बॉबिन माझी,” बहीण म्हणाली. “आठवडाभर मशीन बंद होतं माझं. मी घरभर शोधतेय, आणि हे आपले पेपर वाचतायत.”

“मागितली का नाहीस परत?”

“मागितली. म्हणाले, क्रेन चालू कामावर आहे.”

भाऊ हसला नाही. तीही नाही. त्याने नव्या दोऱ्याला मेण लावलं.

“हमालाची बायको भेटली का पुन्हा?”

“काल दुकानात रांगेत होती, माझ्या पुढे. मागे वळून बघितलं आणि रांग सोडून गेली.”

“काही बोलली?”

“बोलली असती तर बरं झालं असतं.”

दोरा ड्रमवरून वरच्या कप्पीत, तिथून बूमच्या टोकाला, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. कप्प्या शर्टाच्या बटणाहून लहान होत्या. शेवटी रीळ संपलं. बूम पूर्ण खाली आला की ड्रमवर जेमतेम एक वेढा उरेल, एवढाच दोरा होता.

“कमी नाही ना पडणार?” तिने विचारलं.

“पुरेल. एवढ्यासाठी नवं रीळ कुठे फोडू?”

त्याने दांडी फिरवली. बूम सावकाश वर उठला. ती टेबलावर कोपरं टेकून बघत राहिली.

“आता खाली घे.”

त्याने दांडी उलटी फिरवली. बूम खाली येत गेला, दोरा सुटत गेला. उरलेला वेढा घसरला, टोक सरसर कप्प्यांतून निघून गेलं आणि बूम टेबलावर आदळला. चमचा पडावा एवढाच आवाज झाला.

भावाचे हात तसेच हवेत राहिले.

“असंच झालं,” तो म्हणाला. गाडीची वेळ सांगावी तसं. “मी जेवायला गेलोच नव्हतो. नव्या दोरासाठी गोदामापर्यंत चालत जायला हवं होतं. मी उरलेला तुकडा चढवला. भाऊजींनी विचारलं, तर म्हटलं, पुरेल.”

बहिणीने दोऱ्याचं टोक उचललं आणि बोटाला गुंडाळायला लागली.

“त्यांनी स्वतःवर का घेतलं, कळत नाही,” तो म्हणाला. “चार महिने तोच विचार करतोय. मी त्यांच्या जागी असतो तर घेतलं नसतं. आणि मी गप्प बसलो. उद्या साहेबांकडे जातो. सगळं लिहून देतो.”

“नको.”

“अगं, त्यांचं नाव स्वच्छ होईल.”

तिने दोरा आणखी आवळला. दोरा काचून बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

“ते तुझंच नाव सांगत होते, दादा,” ती म्हणाली. “साहेब पिशवीतून कागद काढेपर्यंत मी त्यांच्या कानाशी वाकले. म्हटलं, तुम्ही काही आता वाचत नाही. माझ्या भावाला तरी राहू द्या.”