मालूचं कडवं

"पोर कशी वाढली ते सांग गो, कडव्यात घालाया," धवलारीण भिकीबाय म्हणाली. मालूची हळद तोंडावर आली होती. लग्नाची गाणी गाणारी ही म्हातारी प्रत्येक नवरीचं एक कडवं तिच्या आईला विचारून नवं जुळवायची. चिंचणीत तिचा तो शिरस्ताच होता.

मालूची आई विठाबाई दांडीवर बोंबील वाळत टाकत होती. "काय सांगू?" म्हणाली आणि सुरू झाली ती नारूपासून. नारू म्हणजे मालूचा थोरला भाऊ, आताही तिथंच उकिडवा बसलेला. तो कुणाच्या डोळ्याला डोळा देत नसे.

"किती मोटा झाला तरी शबूद फुटला नवता. गावात पयली इंजिनाची होडी आली, तवा कान दाबून सुरूच्या बनात पळाला. हाका मारून आमचा गळा बसला. हा आपला शिंपले मांडीत बसलेला, ल्हान्यापासून मोट्यापरेंत, वळीनं."

मालूला हे सगळं पाठ होतं. कालवण भाताला लागलं की नारू ताट कसं सारतो, तेही. या घरात वाढला तो एकटा नारू. ती जणू आयतीच मोठी होऊन सासरी निघाली होती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लगीन माजं हाय का त्याचं?" तिनं बोंबलाची पाटी आदळली. "माजं सांग. मी पयल्यांदा कवा चालले?"

विठाबाईचा हात थांबला. तिला काही केल्या आठवेना.

"तुला तोंड हाय, बाय," ती ओशाळून म्हणाली. "तुजं तू सांगशील. त्याचं मी नाय सांगितलं तर कोन सांगंल? मी मेल्यावर लोक म्हनतील, एक खुळा होता. बस."

"मग त्याचंच गा हळदीला!" मालूला रडू फुटलं.

तेवढ्यात नारू डुलत म्हणाला, "धरू नका तिला. पडली तरी उठंल माजी वाघीन."

हे तो अधूनमधून म्हणायचाच. कधी जेवताना, कधी समुद्राकडं बघत. शेजारणी हसायच्या आणि मालू त्याच्यावर खेकसायची.

"गप रे!" ती आताही खेकसली.

विठाबाई मात्र हातातला बोंबील तसाच धरून उभी राहिली. इतकी वर्षं कानावरून गेलेलं ते बोलणं तिनं आज नीट ऐकलं.

"अगो, हे तर मी बोल्ले होते," ती हळूच म्हणाली. "हितंच, या दांडीखाली. तू पयलं पाऊल टाकलंस आन् तुजा बा तुला धराया धावला, तवा."

मालू भावाकडं बघत राहिली. तो दांडीवर टाकायला एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवत होता.

"हेच घेते," भिकीबाय म्हणाली. "आयनं सांगितलं, असं घालते."

"आयला कुटं आठवत होतं?" मालूनं नाक पुसलं. "नारूनं सांगितलं, असं घाल."