रिकाम्या गाडीचं वजन

नेमावरला आत्याच्या अस्थी नर्मदेत सोडल्या, त्या दिवसापासून गाडी दमायला लागली. घाटावरून निघताना मागे वळून बघायचं नसतं, ते मी पाळलं. पण आत्याचे गुडघे दुखायचे म्हणून तिच्यासाठी कायम धरायचो, तसं सवयीने मागचं दार उघडून धरलं.

अठराचं अ‍ॅव्हरेज अकरावर आलं. कन्नौदच्या चढावर पहिल्या गिअरमध्येही गाडी कण्हत होती.

देवासला मोनू मिस्त्रीने फिल्टर, प्लग, इंजेक्टर तपासले. चाकं हाताने फिरवून पाहिली. ब्रेक कुठे धरत नव्हता.

"भिया, इंजन एकदम ओके आहे," तो म्हणाला. "गाडी वजन ओढून राहिली."

"अरे, रिकामी आहे."

"चला, तोलून घेऊ."

मंडीतल्या धर्मकाट्यावर गाडी लावून मी, मोनू आणि माझी सहा वर्षांची मुलगी नीरजा, आम्ही सगळे खाली उतरलो. आकडा कागदावरच्या वजनापेक्षा पन्नास किलोंनी जास्त होता. डिक्कीत काही नव्हतं.

नीरजा पळत गेली, मागचं दार उघडून आपली पाण्याची बाटली घेतली आणि काट्यावरून खाली आली.

आकडा पन्नासने उतरला.

मोनू काट्याला शिवी देऊन हसला. मी पण हसलो.

घरी पोचल्यावर नीरजा तिसऱ्याच पायरीवर धापा टाकत थांबली.

"बाबा, गुडघे दुखतात. धरा ना."

मी तिला कडेवर घ्यायला वाकलो. दोन्ही हातांनी जोर लावला.

ती जागची हलेना.