बाजूनं कसा दिसतोय?

चन्नाप्पा टीव्हीच्या समोर उभे राहायलाच तयार नव्हते. भिंतीवर सात-आठ टीव्ही ओळीनं चालू होते, आणि हा बासष्ट वर्षांचा माणूस दुकानाच्या पार कोपऱ्यात, फ्रीजला खेटून, मान वाकडी करून बघत होता.

"अण्णा, समोर या की. तिथनं काय बघताय?" दुकानदार जोतीराम म्हणाला.

"समोरनं सगळेच चांगले दिसत्यात रे. बाजूनं कसा दिसतोय ते सांग."

जोतीरामला हसू आलं. दोन हजार आठ साल होतं. राजारामपुरीतल्या त्याच्या दुकानात लोक किती इंची विचारायचे, भिंतीला टांगता येतो का विचारायचे. बाजूचं अजून कुणी विचारलं नव्हतं.

"बाजूनं कोण बघणार हाय, अण्णा?"

"आमची ही. दारात उभं राहून बघती," चन्नाप्पा म्हणाले.

खोटं नव्हतं ते. घरात पहिला टीव्ही आला ब्याण्णव साली, तोही जोतीरामकडूनच. तेव्हा सोफ्यावर चन्नाप्पांचे वडील बसायचे, खाली चटईवर आई आणि गल्लीतल्या निम्म्या बायका. त्यात सून कुठं बसणार? निर्मलाक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या, चौकटीला खांदा लावून, अर्धा डोळा गॅसवर ठेवून. दार टीव्हीच्या अगदी बाजूला, पण तो जुना डबा कुठूनही दिसायचा. पुढं वडील गेले, आई गेली, पोरगी सौंदर्या लग्न होऊन इचलकरंजीला गेली. सोफा मोकळा झाला. निर्मलाक्का मात्र दारातच.

"अगं, ये की इकडं. बस जरा," चन्नाप्पा रोज म्हणायचे.

"इथनं दिसतंय की," त्या म्हणायच्या. "आणि दूध हाय गॅसवर."

दूध नसलं तर आमटी. आमटी नसली तर भाकरी. सोळा वर्षं या बाईच्या गॅसवर काही ना काही ठेवलेलंच, आता बोला! गुडघे दुखायचे म्हणून कधी या पायावर भार, कधी त्या पायावर, पण उंबरा काही सुटायचा नाही. चन्नाप्पांचं आयुष्य लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात गेलं. आता दुकान आवरून घरी बसले, तर संध्याकाळी सोफ्यावर ते एकटेच. त्यांना वाईट वाटायचं. चक्क वाईट वाटायचं. एवढा संसार झाला आणि बायको खांद्याला खांदा लावून बसली, ती लग्नाच्या फोटोत तेवढीच.

गेल्या आठवड्यात तो जुना डबा कायमचा बसला, म्हणून ही खरेदी.

"मग डोळं झाकून हा प्लाझ्मा घ्या," जोतीराम म्हणाला. "दारातनं बघा, न्हाणीतनं बघा, रंग हालायचा न्हाय. अक्का खूश होतील."

चन्नाप्पांनी कोपऱ्यातनं बघितलं. खरंच की. नटीच्या साडीचा काठसुद्धा स्पष्ट दिसत होता. चन्नाप्पांचं तोंड मात्र पडलं.

"आणि त्याच्या शेजारचा?"

"एलसीडी हाय. समोरनं झकास. पर बाजूनं काय खरं न्हाय त्याचं."

चन्नाप्पा पुन्हा फ्रीजला खेटले. तीच नटी, तीच साडी, पण तोंड काळवंडलेलं आणि साडी राखेसारखी. बाई हसते की रडते तेही कळेना. चन्नाप्पा बराच वेळ बघत राहिले. मग खुदकन हसले.

"हाच दे."

"अवो अण्णा! अक्कांना दारातनं कायबी दिसायचं न्हाय ह्यात!"

"व्हय की. म्हणूनच दे."

मग जोतीरामच्या डोक्यात उजेड पडला. "लई वस्ताद हायसा, अण्णा," असं म्हणत तो खोकं आणायला आत गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मालिका लागली. निर्मलाक्का नेहमीच्या जागी आल्या, चौकटीला खांदा लावला. डोळे बारीक केले. चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा बघितलं.

"अवो, काळंकाळं दिसतंय सगळं. फसीवलं तुमास्नी त्या जोतीरामानं."

"मला तर झ्याक दिसतंय," चन्नाप्पा म्हणाले. नजर टीव्हीवरून हलवली नाही.

निर्मलाक्का वळल्या आणि आत निघून गेल्या. आत भांडं वाजलं, मग पाण्याचा आवाज आला. चन्नाप्पा टीव्ही सोडून दाराकडंच बघायला लागले. दिवसभर राबून बाई एवढी एकच मालिका बघायची, आणि आपण शहाणपणा करून तीही घालवली. उद्या जाऊन बदलून आणायचा, नाक घासून प्लाझ्मा आणायचा, असं त्यांनी मनात ठरवूनसुद्धा टाकलं.

तेवढ्यात पदराला हात पुसत निर्मलाक्का बाहेर आल्या. उंबऱ्यावर थांबल्या. मग उंबरा ओलांडला आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकल्या, परक्याच्या घरी बसल्यासारख्या. जाहिराती आल्या, गेल्या. त्या हळूच मागं सरकल्या. "आई गं," म्हणत दोन्ही गुडघे लांब केले. बांगड्या चन्नाप्पांच्या हाताला लागल्या, आणि अक्कांनी हात काढला नाही.

चन्नाप्पांना एवढं बरं वाटलं की चेष्टा केल्याशिवाय राहवेना.

"अगं, दूध हाय न्हवं गॅसवर? उतू जाईल की."

निर्मलाक्कांनी बसल्या जागेवरून स्वयंपाकघराच्या दाराकडं नुसती मान वळवली.

"इथनं दिसतंय की," त्या म्हणाल्या.