ड्रुसिलाचा खडक

बंदर खात्याचा अधिकारी कीनन व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसला आणि त्याने वही उघडली.

"टलकसाहेब, 'वॉलारू' तोफनौकेची सगळी कारकीर्द लिहून काढायची आहे. तिच्यावरच्या खलाशांपैकी या बोवेन बंदरात आता तुम्हीच उरलात."

सत्तरीला टेकलेला आयव्हर टलक खुलला. बोटीचं नाव निघालं की तो ताठ बसायचा.

"रशियन येतील म्हणून अठराशे पंच्याऐंशी साली तिला विलायतेहून आणली. रशियन काही आले नाहीत. तिच्या तोफेने सलामीचे बार काढले आणि जेटीवरच्या शेळ्या पळवून लावल्या, एवढंच. मग तोफ उतरवली आणि आम्हाला प्रवाळाच्या रांगांत पाण्याची खोली मोजायला धाडलं. गुणाची बोट. वाऱ्यात तिरकी चालायची, पण दगा कधी दिला नाही."

"तिथेच माझा खडक सापडला," चहा ओतत त्याची बायको ड्रुसिला म्हणाली. "नकाशात नाव आहे माझं. मोठमोठ्या आगबोटी मला वळसा घालून जातात. हा एकटाच अंगावर येतो."

कीनन हसला. "खरं तर मी त्या खडकासाठीच आलोय. खोली मोजायचा दोर तेव्हा तुमच्याच हातात होता ना?"

टलकने कप बशीत ठेवला.

"लिहा," तो म्हणाला. "तिथे खडक नाही."

ड्रुसिलाचा हात थांबला.

"दोर तळाला लागलाच नाही. मी खोटंच ओरडलो, तीन वाव, म्हणजे अठराच फूट. कप्तानाने नकाशावर खूण केली, नाव मी सुचवलं. हिचा बाप म्हणाला होता, खलाशाकडे माझ्या पोरीला द्यायला आहे काय? माझं पेन्शन बंद करा, चालेल. पण ही आहे तोवर नाव खोडू नका."

"चाळीस वर्षं मी गावभर मिरवले," ड्रुसिला म्हणाली. ती उठून दारापर्यंत गेली, परत आली आणि त्याच्या शेजारी बसली. "मला तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर लग्न केलं असतंस?"

"केलं असतं. बाबांना सांगितलं नसतं."

कीननने पेन्सिल खाली ठेवली.

"मग मला काही कळत नाही," तो सावकाश म्हणाला. "मंगळवारी एक आगबोट वळसा न घेता सरळ गेली. माणसं सुखरूप आहेत. बोट अजून ड्रुसिलावर अडकून बसलीय."