उसनी स्वप्नं

“काय बघितलंस गं रात्री?”

मनोजने विचारलं आणि सोनालीचा हात चहाच्या गाळणीवर थांबला.

“ताप हाय का तुमाला?”

“सपान गं! पडलं असंल ना काय तरी?”

तिने चहा ओतला. खिडकीबाहेर डोंगराच्या कडेला संध्याकाळ रेंगाळत होती. तिकडे बघत ती सावकाश म्हणाली, “पडलं ना. पाताळगंगा आपल्या अंगणातनं चाललीय. आनि तुमी पाण्यात खुर्ची टाकून पेपर वाचताय.”

मनोज खूश झाला. मोबाइल उचलून परसात गेला आणि हेच स्वप्न आपलं म्हणून बोलून मोकळा झाला.

त्याचं असं झालं होतं. साजगावच्या कारखान्यात मनोजला कायमची रातपाळी. झोपेचं अॅप बनवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला अशीच माणसं हवी होती. तिथली भाविका नावाची मुलगी गेटवर आली, त्याच्या मोबाइलमध्ये अॅप घालून म्हणाली, “दादा, उठलात की दोन मिनिटं बोलायचं. झोप कशी लागली, स्वप्न काय पडलं, अॅप कुठे अडलं. ही तुमची डायरी. ती ऐकून आम्ही दर पंधरवड्याला अॅप सुधारणार.”

आणि खरंच की! बटण डोळ्यांत खुपतं म्हणून तो एकदा कुरकुरला, तर पुढच्या खेपेला बटण सायीसारखं मऊ दिसायला लागलं. आपण इथे बोलावं आणि तिकडे पुण्यात ते घडावं! गडी हरखून गेला.

पण स्वप्नाचं काय? दिवसा मनोज ओंडक्यासारखा झोपायचा. “आज पण काय नाय,” असं सांगताना नापास पोरासारखी लाज वाटायची. म्हणून त्याने बायकोचं स्वप्न उसनं घेतलं. नवरा-बायकोत कसलं आलंय माझंतुझं?

शिवाय घरात बोलायला विषयच उरला नव्हता. सोनाली दिवसा कर्जतकडच्या एका रिसॉर्टवर कामाला जायची. ती आली की हा निघायचा, हा आला की ती. परवाच भाकरी थापता थापता ती म्हणाली होती, “गौरी गेल्या की मी रसायनीला जाते भावाकडं. ऱ्हाईन थोडे दिस.” थोडे म्हणजे किती, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. गेली आणि परत आलीच नाही तर?

आता मात्र रोज संध्याकाळी तो चुलीपाशी पाट ओढून बसायला लागला. आणि काय एकेक स्वप्नं पडायची बाईला! शिळफाट्याच्या बाजारात सगळे दुकानदार पेंगलेत, तराजू आपोआप हलताहेत, आणि हिने पावशेर धुकं मागितलंय. मनोज पिशवी धरून पायरीवर बसलाय. कारखान्याच्या चिमणीतून धुराऐवजी बगळे निघताहेत. मनोज खाली बसून ते मोजतोय. एक्सप्रेसवेवर भात लावलाय, कापणी होईपर्यंत सगळे ट्रक गुमान उभे आहेत. मनोज बांधावर पाय सोडून बसलाय.

“सगळ्यात मी हायेच की गं!” मनोज लाजून म्हणायचा.

“मग कोन असनार?” असं म्हणून ती परत भाकरीकडे वळायची.

मनी वसे ते स्वप्नी दिसे, म्हणतात. मनोजला मनातून गुदगुल्या व्हायच्या. सकाळी घरी यावं तर अंथरुणाची घडी आदल्या संध्याकाळसारखीच टापटीप, डबे घासून लखलखीत, नवी गोधडी आणखी हातभर शिवलेली. बाई कामाची मोठी, असं त्याला कौतुक वाटायचं. आताशा तिच्या तोंडून रसायनीचं नावही येत नव्हतं. तो मनातल्या मनात देवाला हात जोडायचा.

मग भाविकाचा फोन आला. “मनोजदादा, कमाल केलीत! तुमच्या स्वप्नांवरून आम्ही अॅपमध्ये अख्खा नवा भाग बांधलाय.”

आता मात्र मनोजला राहवेना. चार माणसं आपल्या खोट्यावर राबली! त्याने एका दमात सांगून टाकलं, “ताई, ती सपनं माजी नायत. बायकोची हायेत.”

पलीकडे भाविका हसली. “अहो, मग डायरी वहिनींचीच हवी!”

झोप मोजणारा एक पट्टा तिने पाठवून दिला. सोनालीने तो बराच वेळ नुसता हातात धरला. मनोजला वाटलं, आता ही नाही म्हणते की काय! पण तिने हात पुढे केला. “बांधा तुमीच.”

पंधरवडा उलटल्यावर भाविका स्वतः घरी आली. ओट्यावर बसून चहा घेतला, सोनालीचं भरभरून कौतुक केलं. मग मांडीवरच्या लॅपटॉपकडे बघत तिने कपाळाला आठ्या घातल्या.

“वहिनी, पट्टा बिघडला होता का हो? यात तुमची झोपच नाही. पहाटे जराशी डुलकी, बस्स.”

“ह्यॅ! मशीनच खराब,” मनोज म्हणाला. “अवो, रोज सपनं बघते ती. आजच सांगितलंन मला!”

सोनालीने पदराला हात पुसले. “पट्टा बरोबर हाय, ताई. ह्यांची रातपाळी लागल्यापासनं डोळ्याला डोळा नाय माज्या. एकटीला झोपच येत नाय.”

“मग ती स्वप्नं?”

सोनालीने मनोजकडे पाहिलं.

“हे समोर बसून इचारायला लागले. कायच नाय बघितलं म्हटलं असतं, तर उठून गेले असते.”