लाल फीत, पांढरी फीत

क्रिकेट मैदानामागच्या उतारावर गावाची द्राक्षबाग लावायचं ठरलं आणि व्हिक्टोरियातल्या आमच्या एवढ्याशा गावात दोन तट पडले. नेव्हिलच्या तटाला काळी शिराझ हवी होती, आम्हाला पांढरी रीसलिंग. शेवटी रोपं आणणाऱ्या ग्लेनिसने निम्म्या ओळींना शिराझची म्हणून लाल फीत बांधली, निम्म्यांना रीसलिंगची म्हणून पांढरी, आणि भांडण मिटवलं.

मिटलं कसलं. तीन वर्षं दोन्ही तट रविवारची झोप मोडून आपापल्या ओळी छाटायला हजर.

"शिराझचं पान बघ, कसं दणकट आहे," नेव्हिल म्हणायचा.

"रीसलिंगची नजाकत तुला दिसायची नाही," मी ऐकवायचो.

यंदा फेब्रुवारीत मण्यांत पाणी उतरलं, रंग भरला. लाल फितीचे घड काळे झाले नाहीत आणि आमचे पांढरे राहिले नाहीत. अख्खी बाग करडी-गुलाबी.

आम्ही सगळे ग्लेनिसच्या दारात. ती चहात बिस्किट बुडवत होती.

"पिनो ग्री आहे ती सगळी, तिसरीच जात. माझी आवडती."

"मग त्या फिती कशाला बांधल्यास?" नेव्हिल ओरडला.

 

"नसत्या बांधल्या, तर तुमच्यातला एक तरी रविवारी आला असता का?"